काडतुसाची जबाबदारी

मामा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत अप्रेंटिस म्हणून लागले आणि चार्जमन म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी पितळेच्या काडतुसांत गेली. मी कॉलेजात इतिहास शिकवते. बंदुका आणि दारूगोळा यांतल्या शोधांवर मी एक व्याख्यान तयार करत होते. त्याचं टिपण मामांना वाचायला दिलं. त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, पेन्सिलीनं खुणा केल्या, आणि मग सुरू झालेला वाद कित्येक संध्याकाळी पुरला. तो इथे मांडते आहे. आमचं पुरतं एकमत झालेलं नाही, आणि ते झालंय असं दाखवायची माझी इच्छाही नाही.

मामा : तुझ्या टिपणात कोल्ट आहे, गॅटलिंग आहे, मॅक्सिम आहे, शेवटी कलाश्निकोव्ह. सगळी बंदुका करणाऱ्यांची नावं. काडतुसाला किती ओळी दिल्यास? चार! अगं, बंदूक म्हणजे एका बाजूनं बंद केलेली नळी. ती पाचशे वर्षांपूर्वीही नळीच होती. बदललं ते आत भरायचं सामान आणि ते पेटवायची रीत.

मी : पण लोकांना बंदूकच दिसते, मामा. ती संग्रहालयात ठेवता येते. काडतूस उडालं की संपलं.

मामा : म्हणून तर तू ते दाखवायला हवंस. आधी तोड्याची बंदूक घे. जळती जामगी सांभाळत शिपाई उभा. पाऊस आला की जामगी विझली. रात्र झाली की तिचा निखारा शत्रूला दिसला. मग आली चकमकीची. घोड्याच्या चिमट्यात गारगोटी, ती पोलादावर आपटायची, ठिणगी रंजकावर पडायची, रंजक भडकून नळीच्या कानातून, म्हणजे भोकातून, आग आत जायची, आणि मग कुठे बार. यातली एक पायरी चुकली की सगळं फुकट. ही रीत दोनशे वर्षं चालली. मोडली कुणी? एका पाद्र्यानं.

मी : अलेक्झांडर फोरसाइथ. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्व्ही गावचा.

मामा : नाव माहीत आहे ना? मग टिपणात का नाही? त्याला बदकांच्या शिकारीचा नाद. रंजक भडकलेलं पाहून पक्षी सावध व्हायचे आणि गोळी पोचायच्या आत निसटायचे. तेव्हा ठोका बसताच भडकणारी रसायनं नुकतीच माहीत झाली होती. त्यानं विचार केला, ठिणगी पाडून आग आत धाडायची कशाला? ठोक्यानंच पेटवू. १८०७ साली त्याला पेटंट मिळालं. पुढे त्याचीच तांब्याची टोपी झाली. बारीकशी टोपी, आत चिमूटभर स्फोटक, वर घोड्याचा ठोका. १८३४ मध्ये वूलिचला चाचणी झाली, तिचे आकडे मला पाठ आहेत. दोन्ही जातींच्या बंदुकांतून प्रत्येकी ६,००० बार. चकमकीचे ९२२ फुकट गेले, टोपीचे ३६. ज्या शिपायाच्या हातात ती बंदूक आहे ना, त्याच्या जागी उभी राहून हे आकडे वाच.

मी : वाचले. आता मला दुसराच आकडा दिसतो. पेटंट १८०७ चं, चाचणी १८३४ ची. मधली सत्तावीस वर्षं काय चाललं होतं?

मामा : सरकारी काम!

मी : तेवढंच नाही. फोरसाइथला टॉवर ऑफ लंडनमध्ये प्रयोग करायला जागा मिळाली होती, कारण तेव्हाचे शस्त्रखात्याचे प्रमुख लॉर्ड मॉयरा यांना त्यात रस होता. ते गेले, लॉर्ड चॅटम आले, आणि त्यांनी पाद्रीबुवांना सामानासकट बाहेर काढलं. शोध तोच, माणूसही तोच. फक्त विकत घेणारा बदलला. माझं म्हणणं इतकंच की हत्यारांच्या बाबतीत शोध लावणाऱ्याइतकाच तो विकत घेणाराही इतिहास घडवतो. शेतकऱ्याला चांगला नांगर मिळाला तर तो वापरायला त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. पलटणीच्या बंदुकीला लागते.

मामांना हे पटलं. कारखान्यात एका गेजचा बदल मंजूर करून घ्यायला किती कागद फिरतात हे त्यांनी पाहिलं होतं. पण शोधाचं श्रेय खरेदीदाराला द्यायला ते तयार नव्हते, आणि त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो. पुढच्या वेळी मी नॉर्टनची गोष्ट काढली.

मी : मिनिए गोळी तुम्हाला माहीत आहे.

मामा : माहीत म्हणजे! मोठा पेच सोडवला तिनं. नळीच्या आत पिळाच्या खाचा असल्या की गोळी फिरत जाते आणि सरळ जाते, हे शिकाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण बंदूक ठासणीची. गोळी तोंडातून घालायची तर ती सैल हवी, नाहीतर ठोकत बसावं लागतं. आणि बाहेर पडताना खाचांत रुतायची तर ती घट्ट हवी. जाताना सैल, येताना घट्ट, हे जमवायचं कसं? फ्रान्सच्या क्लोद मिनिएनं १८४० च्या दशकात गोळीचं बूड पोकळ केलं. दारू पेटली की वायूच्या दाबानं ते बूड फाकतं आणि खाचा पकडतं. पूर्वी शंभर यार्डांपलीकडे नेम धरण्यात अर्थ नव्हता. या गोळीनं तो पल्ला कित्येक पटींनी वाढवला.

मी : ही कल्पना मिनिएच्या आधी ब्रिटिश सैन्यातल्या कॅप्टन जॉन नॉर्टननं मांडली होती. त्याला ती कुठे सुचली? दक्षिण भारतात. तिथले शिकारी फुंकनळीतून बाण मारायचे. बाणाच्या बुडाला मऊ भेंडासारखा गाभा लावलेला असायचा. फुंकर बसली की तो फुगून नळीला घट्ट बसायचा आणि हवा बाजूनं निसटायची नाही. नॉर्टननं ते पाहून पोकळ बुडाची गोळी केली. पुढे इंग्लंडमधल्या विल्यम ग्रीनरनं तिच्यात सुधारणा केली. सरकारनं दोघांनाही नकार दिला. त्याच सरकारनं नंतर मिनिएला २०,००० पौंड मोजले, आणि ग्रीनरनं आरडाओरडा केल्यावर त्याला १,००० पौंड दिले.

मामा : आणि फुंकनळीवाल्याला?

मी : त्याचं नावसुद्धा कुणी विचारलं नाही. शोधांची यादी करताना हे मला सलतं. पेटंटच्या कागदावर ज्याची सही, तो शोधक. ज्याच्या हातातलं पाहून शोध लागला, तो देखावा.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्या टिपणातल्या मिनिएच्या नावापुढे पेन्सिलीनं स्वतःच 'दक्षिण हिंदुस्थान' असं लिहिलं.

या पोकळ बुडाच्या गोळीसाठीच १८५३ ची एनफिल्ड रायफल आली, आणि तिच्यासोबत ते कागदी काडतूस. इथून पुढची, १८५७ च्या उठावाची गोष्ट आपल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. मामांची बाजू मात्र नोंदवते, कारण ती सहसा ऐकायला मिळत नाही.

मामा : चरबी लावणं ही खोडी नव्हती. दारूची काजळी खाचांत बसते. चार बार झाले की पुढची गोळी आत सरकत नाही. वंगण लागतंच. कागदाची पुडी, आत दारू आणि गोळी. पुडी दातांनी फाडायची, दारू ओतायची, वंगण लावलेल्या कागदासकट गोळी ठासायची. करणाऱ्याच्या दृष्टीनं काम चोख होतं.

मी : करणाऱ्याच्या दृष्टीनं! पुडी फाडणारे दात कुणाचे, याचा विचार वूलिचमध्ये कुणी केला? चरबी कुठल्या जनावराची याची खातरजमा कुणी केली?

मामा : नाही केली. तो गुन्हाच. ज्याच्या हातात माल जाणार त्याला न विचारता केलेला माल हा वाईट माल, मग त्याची मापं कितीही बरोबर असोत. पुढे हातानं फाडायची परवानगी दिली, पण तोवर वेळ गेली होती. आता यातलं दुर्दैव बघ. दहाच वर्षांत, १८६६ साली, वूलिचच्याच रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी धातूचं काडतूस केलं. टोपी, दारू, गोळी सगळं एकत्र, बंदुकीच्या मागच्या बाजूनं घालायचं. तोंडाला लावायचा प्रश्नच उरला नाही.

मी : ते काडतूस आधी कुणाला मिळालं, हेही सांगा. सत्तावन्नानंतर इंग्रजांनी पक्कं ठरवलं होतं की हिंदी शिपायाच्या हातातली बंदूक गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागची असली पाहिजे. गोऱ्यांकडे मागून भरायची स्नायडर, तेव्हा आपल्यांकडे ठासणीची. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री, तेव्हा आपल्यांकडे स्नायडर. तुमची खडकीची फॅक्टरी १८६९ ची. बाजीरावाच्या फौजेचा जिथे १८१७ मध्ये पराभव झाला, त्याच गावात. शोध जगाच्या एका टोकाला लागतो आणि दुसऱ्या टोकाला तो कुणाला द्यायचा, कुणाला नाही, याचं धोरण ठरतं. तुम्ही मला मापं सांगता, मी तुम्हाला वाटप सांगते.

मामा : वाटपावर माझा ताबा नव्हता. मापांवर होता.

हे त्यांचं पालुपद. त्यांच्या बाजूचं सगळं त्या एका वाक्यात येतं, आणि त्यामागची निष्ठा मी लहानपणापासून पाहिली आहे. म्हणून पितळेबद्दल ते जे बोलले ते मी मधे न बोलता ऐकून घेतलं.

मामा : काडतुसाची नुसती नळकांडी बघून माणसाला वाटतं, डबी आहे. डबी नाही ती. बार झाला की आतला दाब तिला फुगवतो, ती नळीच्या भिंतींना चिकटते आणि मागून वायू सुटायची वाट बंद होते. दाब उतरला की ती पुन्हा आकसते आणि सहज बाहेर येते. फुगायचं आणि आकसायचं, दोन्ही एका क्षणात. कागदानं हे होत नाही. प्रशियाच्या ड्रायझेची सुईची बंदूक एवढी नावाजलेली, १८६६ ची लढाई तिनं मारली म्हणतात, पण तिच्या मागून वायू सुटायचा आणि शिपाई गालाला लावायला कचरायचा. पितळेनं हे कोडं सुटलं. तांबं सत्तर टक्के, जस्त तीस. पण नुसतं मिश्रण जमून भागत नाही. पट्टीतून आधी वाटी कापायची. ती वाटी दाबयंत्रावर ओढायची, लांब करायची. ओढलं की पितळ कडक होतं. कसब्यातला तांबट हंडा ठोकता ठोकता मधेच भट्टीत घालतो ना, तसंच. पुन्हा भट्टी, पुन्हा आम्लात धुणं, पुन्हा ओढ. असं करत करत नळकांडी होते. बूड कडक ठेवायचं, कारण तिथे ओढणीचा आकडा अडकतो. तोंड मऊ ठेवायचं, कारण तिथे गोळी घट्ट धरायची असते. एकाच तुकड्यात खाली कडक, वर मऊ. शेवटी तोंडाला ज्योत दाखवतात, तेव्हा गळ्याशी निळसर-तपकिरी कडं उमटतं. नवीन पोरं ते कडं बघून म्हणायची, साहेब, माल डागाळला. मी सांगायचो, तो डाग नसेल तर लॉट परत पाठव.

मी : त्या डागाला इतकं महत्त्व का?

मामा : पावसाळ्यामुळे. आपल्याच पावसाळ्यामुळे! ब्रिटिश सैन्य हिंदुस्थानात पावसाच्या दिवसांत काडतुसं तबेल्यांत साठवायचं, कारण तिथे कोरडी जागा मिळायची. पावसाळा उलटल्यावर पेट्या उघडल्या तर काडतुसांना चिरा. कुणी हात लावलेला नाही, कुणी आपटलेलं नाही, आणि चांगलं पितळ आपोआप तडकलेलं. ऋतूबरोबर येणारी ही चीर, म्हणून तिला सीझन क्रॅकिंग म्हणायला लागले. कारण सापडलं १९२१ साली. मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढताना पितळेत कोंडलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की धातू फाटतो. ताण उतरवायला हलकी आच दिली की चीर पडत नाही. आज जगात कुठेही पितळेचा नळ, बिजागरी, पाइप करताना हे ज्ञान वापरतात. आता सांग, हा शोध तुझ्या टिपणात का नाही? यात गोळी सुटत नाही म्हणून?

मला याचं उत्तर देता आलं नाही, आणि टिपणात तो शोध त्याच रात्री गेला. माझ्या मते मामांच्या सगळ्या बोलण्यात हा मुद्दा सर्वांत मोलाचा. कुठल्यातरी सेनापतीच्या विजयापेक्षा तबेल्यातल्या पेटीचं झाकण उघडणारा भांडारी या इतिहासात जास्त महत्त्वाचा ठरतो. त्याचंही नाव उरलेलं नाही.

धूर न होणाऱ्या दारूची गोष्ट आम्ही भराभर संपवली. फ्रान्समध्ये पॉल व्हिएयनं ती १८८४ मध्ये केली, १८८६ ची लेबेल रायफल तिच्यासाठीच घडवली गेली. वेग वाढला तसं उघडं शिसं खाचांत फासायला लागलं, म्हणून स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिननं सुचवलेलं तांब्याचं आवरण गोळीवर चढलं. गोळी बारीक झाली, अकरा मिलिमीटरवरून आठपर्यंत उतरली. आणि इथे वादाला खरी धार आली.

मी : बारीक, वेगवान, आवरण असलेली गोळी माणसाच्या आरपार जाते. जखम त्या मानानं स्वच्छ. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत इंग्रज अधिकाऱ्यांची हीच तक्रार होती. गोळी लागूनही पठाण थांबत नाहीत. तक्रारीचं उत्तर कुठे शोधलं? कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात. तिथले अधीक्षक कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचं आवरण काढलं. उघडं शिसं शरीरात शिरताच पसरतं. पुढे तिराहच्या मोहिमेत ती वापरली. मामा, हा तुमच्यासारखाच कारखान्यातला माणूस. त्याच्याकडे तक्रार आली, त्यानं मापात थोडा फरक केला, तक्रार मिटली. तुमच्या हिशेबानं हे चोख काम!

मामा : हे चोख काम नाही.

मी : का नाही? वाटपावर त्याचाही ताबा नव्हता.

मामा : थांब. मला नीट बोलू दे. बार फुकट जाऊ नये, काडतूस अडकू नये, पितळ फाटू नये, ही आमची जबाबदारी. ही जबाबदारी बंदूक धरणाऱ्याशी आहे. सुदानमध्ये मार्टिनीची पत्र्याची काडतुसं अडकली आणि पोरं सुऱ्यानं ती उकरत बसली, ते काम करणाऱ्याचं पाप. पण जखम मोठी करणं, हे धरणाऱ्यासाठी केलेलं काम नाही. ते समोरच्याच्या शरीरावर केलेलं काम आहे. तिथे रेघ ओढता येते. आणि ती आमच्याच धंद्यातल्यांनी ओढलेली आहे. रशियानं १८६३ साली फुटणारी गोळी केली. दारूगोळ्याचे गाडे उडवायला केली होती. १८६७ मध्ये तिच्यात असा बदल झाला की मऊ शरीराला लागूनही ती फुटेल. रशियाच्या युद्धमंत्र्यालाच ते नको वाटलं. १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला देश बोलावले आणि ४०० ग्रॅमपेक्षा हलकी फुटणारी गोळी वापरायची नाही असा जाहीरनामा झाला. ज्यांच्याकडे हत्यार होतं, त्यांनीच ते बाजूला ठेवलं. हे तुझ्या वाटपाच्या सिद्धान्तात कुठे बसतं?

मी : उद्या तीच गोळी शेजाऱ्याकडे येईल, ही भीती त्यात होती.

मामा : असेल. भीतीनं का होईना, रेघ ओढली गेली.

मी : मग ती कुणापुरती होती तेही पाहू. १८९९ मध्ये हेगला शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली, तेव्हा विरोध कुणी केला? ब्रिटन आणि अमेरिका. ब्रिटनच्या प्रतिनिधीचा मुद्दा असा, की सुधारलेल्या देशाचा शिपाई जखमी झाला की मागे हटतो, रानटी माणूस हटत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. आदल्याच वर्षी सुदानमध्ये ओमदुरमानला एका सकाळीत दहा हजारांहून जास्त माणसं मारली गेली होती. ब्रिटिश आणि इजिप्शियन सैन्यातले मेलेले जेमतेम पन्नास. बंदी मागणाऱ्या युरोपातल्या सरकारांना तरी आफ्रिकेची काळजी होती का? त्यांना धास्ती होती की ही गोळी आपल्यावर वापरली जाईल. ब्रिटननं ती बंदी १९०७ मध्ये मान्य केली. १९१० मध्ये त्यांची .३०३ ची मार्क सात गोळी आली. आवरण पूर्ण, करार पाळलेला. पण टोकात ॲल्युमिनियम आणि मागे शिसं. वजन मागे गेल्यानं शरीरात शिरली की ती उलटीपालटी होते. जखम पुन्हा मोठी.

मामा : टोकदार गोळी हवेत लांब जाते. टोक हलकं ठेवलं तर लांबी वाढवूनही वजन आवाक्यात राहतं. पल्ल्यासाठी ते बरोबर आहे.

मी : पल्ल्यासाठी बरोबर आहे, मान्य. आणि जखमेचं काय होतं हे त्यांना दिसत नव्हतं, असं तुम्ही म्हणाल?

मामा : नाही म्हणणार. नमुन्यांची चाचणी होते तेव्हा सगळं दिसतं.

यावर दोघांनीही अधिक ताणलं नाही. माझ्या मते मार्क सातचा वाद तांत्रिक कागदांवरून कधीच मिटणार नाही, कारण एकाच रचनेत दोन हेतू बसू शकतात आणि कागदावर त्यातला बोलायला सोयीचा तेवढाच येतो.

मग मामांनी शोधकांच्या मनाचा विषय काढला. गॅटलिंगनं पुढे एका पत्रात लिहिलं होतं की एका माणसाला शंभरांचं काम करता आलं तर सैन्यं लहान होतील आणि रोगराईनं, लढाईनं कमी माणसं मरतील, असं त्याला वाटलं होतं. मामांना ते खरं वाटतं. मलाही ते खोटं वाटत नाही. पण १८६२ ची त्याची पहिली बंदूक कागदी काडतुसं आणि टोप्यांवर कशीबशी चालायची. पितळ आलं तेव्हा ती भरवशाची झाली. पुढे मॅक्सिमच्या मशीनगनला धूर नसलेली दारू मिळाली, आणि सैन्यं लहान होण्याऐवजी १९१४ चं महायुद्ध आलं. कलाश्निकोव्हनं अखेरच्या दिवसांत रशियन चर्चच्या प्रमुखाला पत्र लिहून विचारलं होतं की माझ्या रायफलीनं माणसं मेली, तर त्या मृत्यूंचा दोष माझ्यावर येतो का. ते पत्र त्याच्या मृत्यूनंतर, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. मामांनी ते छापून आलेलं वाचलं होतं.

मामा : त्यानं विचारलं, हे मला मोठं वाटतं. पण उत्तर एकट्यानं द्यायचं नसतं. रायफल त्यानं केली, काडतूस दुसऱ्यांनी केलं, कारखाना सरकारचा, हुकूम आणखी कुणाचा.

मी : सगळ्यांची मिळून असलेली जबाबदारी कुणाचीच राहत नाही, मामा. जालियनवाला बागेत काय झालं? पन्नास रायफली, .३०३, सुमारे दहा मिनिटं. आपल्याला नेमका आकडा ठाऊक आहे. १,६५० गोळ्या. तो आकडा आपल्याला कसा कळला?

मामा : काडतुसं मोजल्यामुळे. सैन्यात एकेका काडतुसाचा हिशेब द्यावा लागतो. कारखान्यातून लॉट निघतो तेव्हापासून तो हिशेब सुरू होतो. किती गेली, किती उडाली, किती परत आली.

मी : तोच हिशेब हंटर समितीपुढे आला. डायरनं स्वतःच्या तोंडानं सांगितला. मेलेल्यांचा सरकारी आकडा ३७९, आणि त्यावर आजही वाद आहे. गोळ्यांच्या आकड्यावर वाद नाही. माणसं नीट मोजली गेली नाहीत, काडतुसं मोजली गेली.

मामा : मग आमच्या मोजण्याचा उपयोग झाला की नाही?

मी : झाला. पुरावा म्हणून झाला. मला एवढंच हवं आहे की ज्या काळजीनं काडतूस घडतं आणि मोजलं जातं, त्याच काळजीनं ते कुठे गेलं हेही लिहिलं जावं. तुमच्या खात्यात 'उडाली' असा रकाना असतो. इतिहासाच्या खात्यात 'कुणावर' हा रकाना हवा.

मामा : मग तू तो भर. पण माझे रकाने खोडू नकोस. भट्टी किती तापवली, तोंडाला आच किती दिली, चिरा का पडल्या, हे गेलं तर तुझ्या हातात फक्त सेनापतींची नावं उरतील.

यावर आमची समजूत पटली, इतपत म्हणता येईल. करणाऱ्याची जबाबदारी बार उडण्यापाशी संपते, हे मामांचं मत डमडमच्या चर्चेनंतर थोडं हललं. ती तिथे संपत नाही, हे माझं मत कायम आहे. पण व्याख्यानाची मांडणी मी बदलली. ते आता कोल्टपासून सुरू होत नाही. ते फोरसाइथच्या ठोक्यापासून सुरू होतं, मधे फुंकनळी येते, तबेल्यातली चिरलेली काडतुसं येतात, डमडम येतं आणि जालियनवाला बागही येते.

एक विनंती मात्र वाचकांना करायची आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातले आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. खडकीचा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. जुन्या पद्धतीनं, जुन्या यंत्रांवर काम केलेली पिढी निवृत्त झाली आहे आणि झपाट्यानं कमी होते आहे. खडकी, देहूरोड, वरणगाव, अंबाझरी, भंडारा, भद्रावती इथल्या कारखान्यांत ज्यांच्या घरातल्या माणसांनी आयुष्य काढलं, त्यांनी त्या माणसांशी बसून बोलावं आणि ते लिहून ठेवावं. गुप्त काही विचारू नका, त्याची गरजही नाही. पितळ कसं वागतं, माल परत का यायचा, पावसाळ्यात काय अडायचं, नवीन पोराला पहिलं काय शिकवायचे, हे विचारा. आणि सोबत हेही विचारा की आपण घडवलेलं कुठे जातं याचा विचार त्यांच्या मनात कधी आला का, आणि आला तेव्हा त्यांनी स्वतःला काय सांगितलं.